दाराची शेवटची चार बोटं

नमस्कार श्रोतेहो. दुपारची वेळ आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची पश्चिमेकडची खिडकी उघडी असेल, समुद्रावरचा वारा सुटला असेल, आणि मी बोलतोय तेवढ्यात तुमच्या बिल्डिंगमधे कुठेतरी एखादं दार धाडकन आपटलं असेल. आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की आपण मान वर करूनही बघत नाही. मी गेली सव्वीस वर्षं मुंबईत दारं बसवायचं काम करतोय, दादर, परळ, लालबाग, पार भांडुप-मुलुंडपर्यंत, आणि मला मात्र तो आवाज आला की लगेच कळतं, तिथला डोअर क्लोजर एकतर कोणीतरी चुकीचा फिरवून ठेवलाय, नाहीतर काढून माळ्यावर टाकलाय. दाराच्या वरच्या कडेला जो लांबट डबा असतो आणि त्याच्यातून दोन पात्यांचा हात, म्हणजे आर्म, निघून चौकटीला जोडलेला असतो ना, तोच क्लोजर. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

चाळीत हे यंत्र नव्हतंच. माझं बालपण चाळीतलं, सकाळी दार उघडलं की रात्री झोपतानाच लागायचं, मधे गॅलरीतून येणारा जाणारा आत डोकावून "काय चाललंय" विचारणार. तिथे आपोआप बंद होणारं दार लावलं असतं तर लोक रागावले असते. आता त्याच चाळी टॉवर झाल्या, वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात गेली, आणि घराबाहेर पडल्यावर जिन्याला एक जड दार, ज्याच्या डोक्यावर क्लोजर. कोणीच त्यांना सांगितलं नाही की हे काय आहे आणि कसं वागवायचं. मग ते दार उघडं राहावं म्हणून त्याला वीट लागते. मला त्या लोकांचा राग येत नाही, पण वीट बघून पोटात गोळा येतो, का ते पुढे सांगतो.

आधी आत काय आहे ते. एक जाडजूड स्प्रिंग, एक पिस्टन आणि तेल. तुम्ही दार उघडता तेव्हा वरचा आर्म फिरतो, त्याच्याखाली दात्यांचं छोटं चाक असतं ते पिस्टनला सरकवतं आणि स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे दार बंद करायची ताकद तुम्हीच उघडताना आत भरून ठेवता, ना लाईट लागत ना सेल. हात सोडला की स्प्रिंग पिस्टनला परत ढकलायला बघते पण वाटेत तेल आहे, आणि त्या तेलाला एका बारीक वाटेतूनच जावं लागतं. वाट बारीक केली की दार सावकाश, मोठी केली की जोरात. बाहेरून जे स्क्रू दिसतात ते फिरवताना आपण ही वाट लहानमोठी करत असतो, बाकी काही नाही.

स्क्रू बहुतेक वेळा दोन असतात, शेजारी शेजारी, बऱ्याच क्लोजरवर १ आणि २ लिहिलेलं असतं. एक स्क्रू दार पूर्ण उघडं असल्यापासून ते जवळजवळ लागेपर्यंतचा वेग ठरवतो. दुसरा फक्त शेवटचा टप्पा, दार लागायच्या अगदी आधीचा. मी पोरांना शिकवताना सांगतो की चौकट आणि पल्ला यांच्यात चार बोटं मावतील एवढी फट राहिली की तिथून दुसऱ्या स्क्रूचं राज्य सुरू. फट प्रत्येक मॉडेलला थोडी कमीजास्त असते, पण दाराची सगळी अब्रू या चार बोटांत आहे. तिथे वेग जास्त झाला तर दार आपटतं, कमी झाला तर लॅचच्या जिभेवर येऊन टेकतं आणि लागतच नाही, लांबून बंद दिसतं पण बोटाने ढकललं की उघडतं.

एक किस्सा सांगतो. परळला एका बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात, वॉकर घेऊन चालतात. जुलैमधे पावसाने त्यांचं लाकडी दार फुगलं, चौकटीला घासायला लागलं, लागेना. कोणीतरी येऊन काय केलं, तर दुसरा स्क्रू भरपूर ढिला केला, म्हणजे दार जोरात येऊन स्वतःच्याच दणक्याने लागेल. लागलं. चार महिने सगळे खूश. पण नोव्हेंबरमधे हवा कोरडी झाली, लाकूड आटलं, घासणं थांबलं, आणि तोच स्क्रू तसाच ढिला. आजी वॉकर आत घेत असताना दाराने कोपरावर असा फटका दिला की हात आठवडाभर वर होत नव्हता. मी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने आधीच ठरवलं होतं, "हा क्लोजरच काढून टाका दादा."

मी काढला नाही. दोन्ही पाती जिथे जोडलेली असतात तिथला जोड सोडवला, हे करताना आर्म झटका देतो, त्याच्या वाटेत तोंड आणि बोटं ठेवू नका. मग दार नुसतं हाताने हलवून बघितलं. हे लोक कधीच करत नाहीत, आणि मला विचाराल तर अर्धी दुरुस्ती इथेच आहे. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू ढिले होते, पल्ला लॅचच्या बाजूने खाली झुकला होता, पावसात घासायचा तो त्यामुळेच जास्त. लांब स्क्रू घालून बिजागरी आवळली, एका कडेला थोडा रंधा मारला, दार एका बोटाने लोण्यासारखं फिरायला लागलं, तेव्हा आर्म परत जोडला. मग दोन्ही स्क्रू उजवीकडे थोडे थोडे आवळत गेलो, उजवीकडे म्हणजे सावकाश, डावीकडे म्हणजे जोरात, आणि एका वेळी घड्याळाचा तासकाटा दीड तासात जेवढा सरकतो तेवढंच फिरवायचं, म्हणजे एका फेऱ्याचा आठवा हिस्सा. फिरवलं, दार ९० अंशाला उघडलं, सोडलं, मनात सावकाश आकडे मोजले. परत फिरवलं, परत मोजले. पाच ते सात आकड्यांत दार लागलं पाहिजे. दहाबारा वेळा केलं असेल. शेवटी ती चार बोटांची फट आली, दार जरा थबकल्यासारखं झालं आणि लॅच टिक करून बसली. आजी खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या, "अरे, आत तान्हं बाळ झोपलंय असं समजून लोटतंय ते." दारावर तोल टाकून आत यावं लागणार नाही, एवढं आजींना पुरलं.

त्यांचं दार उघडायलाही जड जात होतं. ती गोष्ट वेगळी, ती स्प्रिंगची ताकद. सगळ्याच क्लोजरला ती बदलता येत नाही, ज्यांना येते त्यांच्या एका टोकाला अॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लावायची जागा असते, काहींना आर्मची जागा बदलावी लागते. बाजारात क्लोजर नंबरवर मिळतात, युरोपियन स्टँडर्डप्रमाणे २ नंबर म्हणजे ८५० मिलिमीटर रुंद आणि ४० किलोपर्यंतचं दार, ३ नंबर ९५० मिलिमीटर आणि ६० किलो, ४ नंबर ११०० मिलिमीटर आणि ८० किलो. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलात आणि नुसतं "एक क्लोजर द्या" म्हणालात तर दुकानदार हाताला येईल तो देणार, म्हणून घरून दाराची रुंदी मोजून जा. आणि मोठा नंबर म्हणजे चांगला असं डोक्यातून काढा, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला ते दार उघडता आलं पाहिजे हो.

नवीन बसवायचा असेल तर बॉक्समधे एक कागद येतो, टेम्प्लेट, त्याच्यावर भोकं खऱ्या मापाची छापलेली असतात. तो फेकू नका! दार कुठल्या हाताचं आहे, बिजागरी डावीकडे की उजवीकडे, ते बघून तो कागद दाराला चिकटवायचा आणि त्याच्यावरूनच ड्रिल मारायचं. साध्या फिटिंगमधे दार ज्या बाजूला आपल्याकडे ओढून उघडतो त्या बाजूला बॉडी, म्हणजे तो लांबट डबा, पल्ल्यावर बसते आणि वेगाचे स्क्रू बिजागरीकडे तोंड करून राहतात, पण कागद काही वेगळं सांगत असेल तर कागदाचं ऐका. आधी बारीक भोक पाडा मग स्क्रू, नाहीतर लाकूड चिरतं. फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं दार, असेल तर आत भरीव पट्टी कुठे आहे ते ठोकून बघा, पोकळ जागेत बसवलेली बॉडी दोन महिन्यांत लोंबकळते, मी अशा बॉड्या उचलून परत बसवल्यात. आणि शेवटी, दार बंद असताना चौकटीकडे जाणारं पातं दाराशी काटकोनात आलं पाहिजे, ते पातं लांबआखूड करता येतं ते याचसाठी. यात चूक झाली तर शेवटच्या चार बोटांत ताकदच राहत नाही आणि माणूस बिचारा स्क्रू फिरवत बसतो.

बॉडीखाली तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र स्क्रूला हात लावू नका, तो क्लोजर गेला, नवीन घ्या. आणि स्क्रू डावीकडे फिरवत फिरवत पूर्ण बाहेर काढला तर तेल तुम्ही स्वतःच सांडाल.

आता ती वीट. जिन्याचं दार हे फायर डोअर असतं. आग एखाद्या मजल्यावर लागते, पण धूर जिन्यातून वर चढतो, जिना म्हणजे उभी चिमणीच होते, आणि लिफ्ट बंद असताना माणसं त्याच जिन्याने खाली येणार असतात. दार लागलेलं असेल तर धूर त्या मजल्यावर अडतो. दाराला वीट, कुंडी, कचऱ्याचा डबा लावला असेल तर तो क्लोजर कितीही चांगला असो, उपयोग शून्य. आणि लॅच न बसलेलं दारही उघडंच धरा, आगीच्या गरम हवेचा दाब त्याला सहज ढकलतो. म्हणून जिन्याच्या दाराला ३ नंबरच्या खालचा क्लोजर घ्यायचा नाही, आणि दार उघडं अडकवून ठेवणारा आर्म तर बसवायचाच नाही.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे, त्याप्रमाणे सोसायटीला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो की यंत्रणा चालू स्थितीत आहे. कमिटीवाले पंप बघतात, पाइप बघतात, सिलिंडर बघतात. माझी विनंती आहे की त्या दिवशी एकाने जिना चढत प्रत्येक मजल्याचं दार उघडून सोडावं आणि टिक ऐकू येते का तेवढं ऐकावं. वीट का लावलीय तेही विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तर एकच असतं, "आपटतं म्हणून." मग वीट हलवायच्या आधी क्लोजर नीट करा, आधी वीट काढली तर संध्याकाळी ती परत येते.

मी राहतो त्या बिल्डिंगमधे जिन्याची चौदा दारं आहेत. दिवाळीपासून एकेक घेतोय, सुट्टीच्या दिवशी, स्क्रू ड्रायव्हर आणि स्टूल घेऊन. तेरा झाली. नवव्या मजल्याचं राहिलंय, तिथली बिजागरी बदलायची आहे, ती आणून ठेवलीय, येत्या रविवारी बसवतो. नमस्कार.