ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही? सोलेनॉइड बदलण्याआधी हे तपासा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

चावी फिरवली, मीटरवरचे दिवे लागले, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, हूं की चूं करत नाही. मग 'सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) गेला' म्हणून नवा आणला जातो आणि पुष्कळदा तोही गप्पच बसतो. सेल्फ खाली उतरवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

गिअर आणि हाय-लो लिव्हर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा. उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर सोड्याच्या पाण्याने धुवा. अर्थची केबल जिथे आवळली आहे, तिथला गंज घासून काढा.

आता सोलेनॉइड. त्यावर दोन जाड बोल्ट असतात आणि एक बारीक वायर. खरी मेख या बारीक वायरीत असते. मल्टिमीटरची लाल पिन तिच्या टोकावर, काळी सेल्फच्या बॉडीवर धरा आणि दुसऱ्याला सीटवर बसून, क्लच पूर्ण दाबून चावी फिरवायला सांगा. तिथे व्होल्ट आलेच नाहीत किंवा सात-आठच आले, तर सोलेनॉइडचा दोष नाही. चावीचा स्विच, रिले, न्यूट्रल स्विच बघा. क्लच पेडलजवळचा सेफ्टी स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा) तर आधी बघा. भाताच्या चिखलणीनंतर तो हमखास चिखलाने जाम होतो.

हा स्विच तोडून वायर थेट जोडू नका. टायरजवळ उभं राहून पान्याने सेल्फ शॉर्ट करणं तर कधीच नको. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर थेट अंगावर येतो, माणसं दगावतात.

व्होल्ट पुरेसे येऊनही आवाज नसेल, तर आतल्या कॉइलकडे वळा. कॉइल दोन असतात. एक प्लंजर (आतला सरकणारा लोखंडी दांडा) खेचते, दुसरी धरून ठेवते. टरटर आवाज आला तर बॅटरी कमजोर आहे किंवा धरणारी कॉइल तुटली आहे. एकदाच ठणठणीत टक्क वाजून सेल्फ फिरत नसेल, तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खेचणाऱ्या कॉइलला अर्थ मिळतो तो सेल्फच्या मोटरमधून. कार्बन ब्रश झिजून कॉम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकत नसतील, तर चांगला सोलेनॉइडही मुका राहतो. म्हणून सेल्फ उतरवलाच, तर नव्या सोलेनॉइडवर पैसे घालण्याआधी मागचं झाकण खोलून ब्रश आणि त्यांच्या स्प्रिंगा बघून घ्या.