उजळाईवाडी ते धनगरवाडा : अंतर आणि वेळ

कोल्हापूरच्या आग्नेयेला उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, विमानतळ सुरू झाला. मुंबईपासून येथवरचे अंतर सरळ रेषेत मोजले तर ते सुमारे ३०७ किलोमीटर भरते. पुण्यावरून येणारा रस्ता मात्र पावणेचारशेच्या घरात जातो. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे लहान प्रवासी विमान हे अंतर कागदावर ३७ मिनिटांत कापते. तरीही धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे आणि मुंबईच्या आकाशातील गर्दी हे सारे धरून प्रवास जवळजवळ तासाचा होतो.

आता पश्चिमेकडे वळू. गगनबावडा कोल्हापूरपासून सरळ रेषेत ४७ किलोमीटर आणि रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटर आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरला हे अंतर पाव तासाचे. रंकाळा स्थानकावरून निघालेली एस.टी. बालिंगे, कळे, असळज अशी गावे घेत तेथे पोहोचते. पण डोंगरावरच्या धनगरवाड्याला जाणाऱ्याचा खरा प्रवास डांबरी सोडल्यानंतर सुरू होतो. पुढे पायवाट, चढ, ओढा आणि गर्द झाडी. वाट विचारली तर येथे कोणी किलोमीटर सांगत नाही. ‘तासाभराची चाल हाय’ एवढेच उत्तर मिळते, आणि तो तास वाड्यावरच्या माणसाच्या पायांचा असतो, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे.

एखादे माणूस आजारी पडले की हा हिशेब पुन्हा बदलतो. लांब दांड्याला घोंगडे बांधून डोली करतात, चौघे खांदा देतात आणि बाकीचे खांदेपालटासाठी सोबत चालतात. उतारावर पुढच्यांना दांडा उचलून धरावा लागतो, नाहीतर रुग्ण पायांकडे घसरतो. पावसाने शेवाळलेल्या जांभ्यावर पाऊल चाचपूनच टाकावे लागते, त्यामुळे एकट्याच्या चालीपेक्षा डोलीला कितीतरी अधिक वेळ लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कुंभी नदीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आले की खाली उतरूनही गाडी मिळत नाही. त्याच दिवसांत ढग डोंगराला टेकलेले असतात. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला समोरचे दिसत नाही आणि उतरायला सपाट, मोकळी जागाही नसते. म्हणजे तो पाव तास स्वच्छ आकाशाच्या महिन्यांतला आहे, गरज मात्र पावसाळ्यात अधिक पडते. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा काही दिवस खुद्द कोल्हापूरकरांनीही असे अडकून पडणे अनुभवले.

अभयारण्याच्या हद्दीतून रस्ता न्यायचा तर वन विभागाची परवानगी आणि बरीच वर्षे लागतात. त्यामानाने ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, लहान काम आहे. तो झाला की वाड्याचे अंतर तेवढेच राहते, पण पाणी ओसरण्याची वाट पाहत डोली काठावर टेकवून ठेवावी लागत नाही.