गेटचा तिरपा गज

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्यात एमआरआय तंत्रज्ञ आहे. परवा कळव्याचा खाडीपूल ओलांडून एक काकू दंडावरची गाठ तपासायला आल्या. मी कॉड लिव्हर ऑइलची पिवळी गोळी बाहेर काढली, तशा म्हणाल्या, "पाणी दे गं, कोरडी नाही गिळवत." म्हटलं, "काकू, ही गाठीवर चिकटवायचीय!"

एमआरआयला दिसतो तो पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन. १.५ टेस्लाच्या चुंबकात तो साधारण ६४ मेगाहर्ट्झवर बोलतो. तुमच्या एफएमचा पट्टा ८८ला सुरू होतो, त्याच्या जरा खाली. गाठीवर पेननं काढलेली फुली एमआरआयच्या गावीही नसते. गोळीतलं तेल मात्र चित्रात पांढरा ठिपका होऊन उमटतं, आणि डॉक्टरांना कळतं, गाठ इथेच.

गाठ दाखवायला एक ठिपका पुरतो. पण चित्र बघून प्रोस्टेटमध्ये सुई घालायची असेल, तर सुई ज्या भोकाभोकांच्या साच्यातून जाणार तो चित्रात नक्की कुठे आहे, हे कळायला हवं. प्लास्टिकचा साचा तर दिसतच नाही. म्हणून त्याला द्रव भरलेल्या नळ्यांची चौकट जोडतात. अशा एका चौकटीला तीन बाजू. प्रत्येक बाजूला दोन सरळ नळ्या, मधे एक तिरपी.

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीचं गेट असंच आहे. दोन उभे गज, मधे एक तिरपा, खाली डावीकडे टेकलेला, वर उजवीकडे. गेटवर चादर टाका आणि बोटभर आडवी फट तेवढी ठेवा. तीन गजांचे तीन तुकडे दिसतील. मधला डाव्याला खेटून असेल तर फट खाली आहे, मधोमध असेल तर निम्म्या उंचीवर. मोजपट्टी नकोच! एमआरआयचं चित्रही अशीच एक फट, एक पातळ छेद, आणि त्यात प्रत्येक नळी ठिपका होऊन दिसते. तीन बाजूंवरून तीन उंच्या मिळाल्या की चित्राचा छेद कुठून गेला आणि किती कलला, दोन्ही समजतं.

हे नऊ ठिपके माउसनं एकेक टिपायचे, तर तोवर पेशंट बोगद्यात अवघडतो. संगणक ते स्वतः शोधतो. चरबीही पांढरीच दिसते, त्यामुळे तो फसू शकतो. पण चौकटीची मापं त्याला ठाऊक असतात, न जुळणारे ठिपके तो वगळतो. ठिपक्यातल्या उजेडाची सरासरी काढून केंद्र तर पिक्सेलहूनही बारीक सांगतो.

खुणा लावणाऱ्यानं मात्र डोकं वापरायला हवं. पाण्याच्या बरणीवर सराव करताना मी हौसेनं तीन गोळ्या अगदी समान अंतरावर लावल्या. दिसायला छान! पण पहिली कोणती, दुसरी कोणती, हे संगणकाला ठरवताच येईना. तेव्हापासून मी त्या मुद्दाम वेड्यावाकड्या लावते.

काकूंच्या दंडावरची चिकटपट्टी सोलली, गोळी हातात घेतली, तर त्यांनी विचारलंच, "आता तरी गिळू का?"