आश्विनातला धबधबा

नमस्कार श्रोतेहो. श्रावणात धबधब्यांवर झुंबड करणारे आपण दसऱ्यानंतर तिकडं फिरकतही नाही. कॅमेरा असेल त्यानं मात्र तेव्हाच निघावं.

नाशिकहून गंगापूर रस्त्यानं आठेक किलोमीटरवर सोमेश्वर. तिथं गोदावरी काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्यांवरून उतरते. वरच्या अंगाला गंगापूर धरण, त्यामुळं पाणी किती हे धरणातून किती सोडलंय त्यावर. पुरात इथं नुसता गढूळ लोंढा असतो, खडक दिसतच नाही. आश्विनात पाणी निवळतं आणि त्या एका लोंढ्याच्या दहा-बारा धारा होतात. फोटो काढायचा तो या धारांचा.

उजाडतानाच पोहोचा. खडकावर ऊन आलं की पांढरं पाणी डोळ्यांत खुपतं आणि फोटोतही. माझा पहिला अख्खा रोल याच काळ्या खडकानं वाया घालवला. कॅमेऱ्याला वाटतं, अंधार आहे; तो उजेड वाढवतो आणि पाण्याच्या जागी चुना फासल्यासारखं दिसतं. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एका स्टॉपनं कमी, म्हणजे निम्मा ठेवा. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, शंभर; अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ अकरा; शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं. ट्रायपॉड हवाच, पण त्याचा पाय वाहत्या पाण्यात नको. तो बारीक थरथरतो. बटण दाबताना हात हलतो, तेव्हा दोन सेकंदांचा टायमर लावा.

तीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवणारेही भेटतात. हौस त्यांची! मला ते पाणी पिंजलेल्या कापसासारखं वाटतं. अर्ध्या सेकंदात धारेचा पीळ शाबूत राहतो. पोलरायझर, म्हणजे भिंगापुढं लावायची चकाकी मारणारी काच, असेल तर हळूहळू फिरवा. ओल्या दगडावरची चकाकी जाते आणि खालचं हिरवं शेवाळ वर येतं.

एक अपवाद सांगतो. धारेखालच्या डोहात फेसाचे पुंजके संथ गरगरत असतात, एखादं पिवळं पान त्यात अडकलेलं. तिथं आठ-दहा सेकंद द्या. फेसाची वर्तुळं उमटतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.

आणि हो, पाणी अचानक गढूळलं, चढू लागलं किंवा धरणाचा भोंगा कानावर आला, तर ट्रायपॉड तिथंच सोडा, आधी काठावर या.