बॉस्कोन: बॉस्टनच्या थंडीतला विज्ञानकथांचा मेळा

[दृश्य: टेबलावर एक मोठं, जाड भिंग. त्यावर सरकत येणारं ऊन.]

१९९० साली अमेरिकन लेखिका जेन योलेन यांना एक पुरस्कार मिळाला. मानचिन्ह म्हणून एक भलंमोठं भिंग. खरंखुरं, काचेचं. त्यांनी ते घरी नेलं आणि ठेवलं नेमकं ऊन येईल अशा जागी. उन्हाचा कवडसा त्या काचेतून गेला, एका ठिपक्यात गोळा झाला आणि त्यांचा चांगला कोट पेटला. तेव्हापासून हा पुरस्कार ज्याला मिळेल त्याला आधी बजावून सांगतात: घरी नेलंत की उन्हात ठेवू नका.

या पुरस्काराचं नाव स्कायलार्क. तो दिला जातो बॉस्कोनमध्ये. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, न्यू इंग्लंडमध्ये, दर फेब्रुवारीत भरणारा विज्ञानकथेच्या चाहत्यांचा हा मेळा आहे.

पुरस्कार ई. ई. स्मिथ यांच्या स्मरणार्थ आहे. शिक्षणाने ते रसायन अभियंते, डॉक्टरेट मिळवलेले. पोटासाठी डोनटची तयार पिठं बनवण्याचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात आकाशगंगांमधली युद्धं लिहायचे. त्यांच्या ‘लेन्समन’ मालिकेतले नायक मनगटावर एक अद्भुत भिंग बाळगतात. त्यांच्या शत्रूंचं, म्हणजे एका अफाट गुन्हेगारी साम्राज्याचं, नाव बॉस्कोन. चाहते कन्व्हेन्शनला, म्हणजे संमेलनाला, ‘कॉन’ म्हणतात, आणि गाव तर बॉस्टनच. असं नाव समोर आल्यावर तिथले चाहते ते सोडतील कशाला!

[दृश्य: बर्फाने झाकलेली घरं. पडद्यावर अक्षरं: विंचेस्टर, मॅसॅच्युसेट्स. १९४१.]

२२ फेब्रुवारी १९४१. शनिवार. जॉर्ज वॉशिंग्टन यांची जयंती. बॉस्टनजवळच्या विंचेस्टर गावात आर. डी. स्विशर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या घरी काही माणसं जमली. हॉटेल नाही, व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत. एका घरात मावतील एवढीच माणसं. हे पहिलं बॉस्कोन.

जमवणारी संस्था होती स्ट्रेंजर क्लब, १९४० मध्ये सुरू झालेली. तिच्यातल्या दोघांशी ओळख करून घ्यायलाच हवी.

पहिला लुई रसेल शोव्हने. लहानपणीच्या आजारात त्याची ऐकण्याची शक्ती गेली होती. त्या काळी चाहते घरच्या घरी छोटी नियतकालिकं काढायचे. आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणायचे तसल्या यंत्रावर पानं काढायची, टाचायची आणि टपालाने मित्रांना धाडायची. या पत्रिकांना शोव्हनेने १९४० मध्ये एक शब्द दिला: फॅनझिन. आज तो जगभर वापरतात. ज्याच्यासाठी गप्पा म्हणजे कागद आणि टपाल, त्याच माणसाला हा शब्द सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा हॅरी स्टब्स. हार्वर्डमध्ये खगोलशास्त्र शिकणारा विद्यार्थी. १९४२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याची पहिली कथा छापून आली, पण टोपणनावाने: हॅल क्लेमेंट. विज्ञानकथा लिहिणं आपल्या प्राध्यापकांना रुचणार नाही, असं त्याला वाटत होतं.

इथे मराठी माणसाला १९७४ आठवल्याशिवाय राहत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केलेली. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून जयंत नारळीकरांनी ते घेतलं, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी कथा आपल्या हाताने उतरवली. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. दोन खगोलशास्त्राचे अभ्यासक, दोन टोपणनावं, कारणं मात्र वेगळी. एकाला आपलं नाव लहान वाटत होतं, दुसऱ्याला फार मोठं.

[दृश्य: आकाशात बॉम्बफेकी विमानांची रांग. मग काळा पडदा.]

युद्ध आलं. स्टब्स बी-२४ विमानाचा वैमानिक झाला, युरोपवर ३५ मोहिमा करून जिवंत परतला. बॉस्कोन कसंबसं भरत राहिलं. पाचवं भरलं १९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध संपता संपता. त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही.

१९६५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. १९६७ चं जागतिक विज्ञानकथा संमेलन बॉस्टनला मिळावं अशी तिथल्या चाहत्यांची इच्छा होती, आणि संमेलन भरवता येतं हे दाखवायला हाताशी एखादं संमेलन असायला हवं होतं. बॉस्कोनचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली. जागतिक संमेलन न्यूयॉर्कने नेलं. पण ही मंडळी पांगली नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंड सायन्स फिक्शन असोसिएशन स्थापन केली. तिचं लघुरूप नेस्फा. बॉस्कोन आजही तीच भरवते, आणि स्वयंसेवकांच्या जोरावर. खुर्च्या मांडणारे तेच, हिशेब ठेवणारेही तेच.

यातल्या बऱ्याच जणांचा एमआयटीशी, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी, संबंध होता आणि त्याचा रंग पुढे या मेळ्याला लागला. क्लेमेंट यांनी कादंबरीसाठी मेस्क्लिन नावाचा एक ग्रह रचला होता. तो इतक्या वेगाने फिरतो की विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांवर त्याच्या कितीतरी पट. ही आकडेमोड त्यांनी स्लाइड रूल, म्हणजे गणिताची सरकपट्टी, हातात घेऊन केली होती. एमआयटीच्या विज्ञानकथा मंडळातल्या मुलांनी तेच गणित संगणकावर टाकलं आणि सांगितलं, तुमचा ध्रुवावरचा आकडा चुकलाय, ग्रहाचा आकारही असा नसेल, कडेला धारदार असेल. क्लेमेंट खूश झाले! विज्ञानकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला खेळ आहे असंच ते मानत. लेखकाने नियम पाळायचे, वाचकाने चुका धरायच्या.

१९७१ मध्ये जागतिक संमेलन अखेर बॉस्टनला आलं. लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी नुकतीच गाजत होती. एका ताऱ्याभोवती कडं घातल्यासारखं एक महाकाय कृत्रिम जग. हॉटेलच्या बोळांतून एमआयटीची मुलं घोषणा देत फिरली: रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! कड्याला जरासा धक्का लागला तरी ते ताऱ्याकडे सरकत जाईल, हे त्यांनी मांडून पाहिलं होतं. निव्हन यांनी पुढच्या भागात ती चूक दुरुस्त केली. वाचकांनी पदार्थविज्ञानासाठी मोर्चा काढावा, यापेक्षा लेखकाचा मोठा सन्मान मला तरी सुचत नाही.

[दृश्य: हॉटेलचं गजबजलेलं दालन. गर्दी वाढत जाते.]

मग गर्दी वाढली. ऐंशीच्या दशकात विज्ञानपटांची लाट होती आणि बॉस्कोन नव्या पिढीसाठी हिवाळ्यातली हक्काची धमाल होऊन बसलं. १९८७ मध्ये ४,००० हून जास्त लोक आले. पुस्तकाशी देणंघेणं नसलेले, रात्रभराच्या पार्ट्यांसाठी आलेलेही त्यात होते. रात्री आगीचे खोटे भोंगे वाजले, नासधूस झाली, झोपलेली माणसं कडाक्याच्या थंडीत बाहेर आली. हॉटेलने सांगून टाकलं: पुन्हा येऊ नका.

आता आयोजकांपुढे प्रश्न होता. गर्दी हेच यश मानायचं, का आपण मुळात का जमतो ते आठवायचं? त्यांनी दुसरी वाट धरली आणि मला ती फार धाडसाची वाटते. १९८८ मध्ये बॉस्कोन बॉस्टन सोडून सुमारे १४५ किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला गेलं. पडद्यावरच्या करमणुकीला कात्री लावली. पुस्तकं, चित्रप्रदर्शन, विज्ञानावरची भाषणं आणि गप्पा पुन्हा मध्ये आणल्या. संख्या झपाट्याने घटली, तीही ठरवून. स्वतः लावलेलं झाड असं छाटायला हात धजावत नाही. यांचा धजावला.

आणि हे त्यांना मोठं काही झेपत नव्हतं म्हणून नव्हे. १९८९ चं जागतिक संमेलन बॉस्टनच्याच चाहत्यांनी भरवलं, सुमारे ७,००० माणसांचं. त्यात सन्मान्य पाहुणे म्हणून कोणाला बोलावलं? लेखिका आंद्रे नॉर्टन, प्रकाशक इयन आणि बेटी बॅलंटाइन, आणि स्ट्रेंजर क्लब. अख्खा क्लब! अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एका घरात जमलेली ती मंडळी.

[दृश्य: पुस्तकांचे गठ्ठे, जुन्या आवृत्त्यांची कव्हरं.]

मधल्या काळात नेस्फाने आणखी एक काम केलं, ज्याचं ऋण वाचकांवर राहील. बाजारातून नाहीशी झालेली पुस्तकं तिने पुन्हा छापली. कॉर्डवेनर स्मिथ या विज्ञानकथा लेखकाच्या सगळ्या लघुकथा एका जाड खंडात आणल्या. क्लेमेंट यांचं निवडक लेखन तीन खंडांत काढलं. ही पुस्तकं काढणारेही स्वयंसेवकच.

स्प्रिंगफील्डनंतर बॉस्कोन आलं फ्रॅमिंगहॅमला, बॉस्टनच्या थोडं जवळ. २००३ मध्ये, चाळिसाव्या खेपेला, ते पुन्हा शहरात परतलं. पुढे २०२१ मध्ये महामारीमुळे सगळा मेळा ऑनलाइन झाला. २०२२ मध्ये माणसं पुन्हा समोरासमोर भेटली.

पण २००३ वर जरा थांबू. आयुष्याची बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारे स्टब्स सर तोवर ऐंशी पार केलेले होते. संमेलनांत ते भेटायचे आणि कोणीही जवळ जाऊन त्यांना एखाद्या ग्रहाच्या वातावरणाबद्दल विचारू शकत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ते गेले.

बॉस्कोनच्या पाहुण्यांच्या यादीत लेखक असतो, चित्रकार असतो, आणि एक वैज्ञानिक वक्ताही असतो. त्या मानाच्या जागेला नाव दिलंय हॅल क्लेमेंट यांचं. भाषण झालं की श्रोत्यांतून हात वर होतात. कुठे चुकलं ते विचारायला.

[दृश्य: खिडकीबाहेर पडणारा बर्फ. हळूहळू काळोख.]