तोंड हलतं, आवाज नाही

नमस्कार श्रोतेहो. १९४३ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओनं आपले दोन राक्षस एकाच पडद्यावर आणले. चित्रपट ‘फ्रँकेन्स्टाईन मीट्स द वुल्फ मॅन’, दिग्दर्शक रॉय विल्यम नील, लेखक कर्ट सिओडमाक. लांबी जेमतेम सव्वा तास. पोस्टरवर दोघांची झुंज, आणि ती झुंज येते अगदी शेवटी. काही मिनिटं आदळआपट होते, तेवढ्यात गावातला एकजण धरण उडवतो आणि दोघेही पुरात जातात. जिंकलं कोण? कोणीच नाही. पोस्टर रंगवणाऱ्यांनी आधी चित्रपट बघावा असा कायदाच हवा, पण ते असो.

सुरुवात मात्र अव्वल आहे. वेल्समधलं कब्रस्तान, पौर्णिमा, शवपेटी उघडणारे दोन चोर. आत लॅरी टॅल्बट, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा वुल्फ मॅन; काम लॉन चेनी ज्युनिअरचं. चांदणं अंगावर पडतं आणि मेलेला हात हलतो. पुढे कार्डिफच्या इस्पितळात त्याचा लांडगा होतो. नटाचं डोकं हलू द्यायचं नाही, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. याकचे केस थोडे चिकटवायचे, थोडं चित्रण करायचं, थांबायचं, आणखी केस लावायचे. मग हे तुकडे एकमेकांत विरघळवत जोडायचे. मान मध्ये जराशी सरकली तरी जोड दिसतो. मेकअपवाले जॅक पिअर्स यात मुरलेले होते. आज संगणकावर होणारं रूपांतर मला याच्यासमोर गुळमुळीत वाटतं. असो.

मग बिघडलं कुठे? खरी गंमत इथे आहे, नीट ऐका.

आदल्या वर्षी, १९४२ साली, ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ आला होता. त्यात दुसऱ्या राक्षसाच्या, म्हणजे शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाईननं घडवलेल्या राक्षसाच्या, कवटीत इगोर नावाच्या कपटी माणसाचा मेंदू बसवतात. इगोर झाला होता बेला लुगोसी. शस्त्रक्रिया झाल्यावर राक्षस इगोरच्या, म्हणजे लुगोसीच्याच आवाजात बोलू लागतो. पण दोघांचा रक्तगट जुळत नाही, आणि राक्षस आंधळा होतो. लक्षात ठेवा: तो बोलतो, आणि तो आंधळा आहे.

पुढच्या चित्रपटात राक्षस म्हणून लुगोसीलाच घेतलं. हिशेब चोख होता, मेंदू त्याचाच होता ना! सिओडमाकनं संवाद लिहिले. बर्फातून बाहेर काढल्यावर राक्षस टॅल्बटला सांगतो, मला दिसत नाही. चित्रीकरणाच्या वेळी साठीला पोचलेला लुगोसी दोन्ही हात पुढे करून, चाचपडत, अडखळत चालला. आंधळा माणूस चालेल तसाच.

चित्रपट तयार झाला, स्टुडिओतल्या मंडळींनी पाहिला, आणि सिओडमाकनं पुढे सांगितलं त्याप्रमाणे लोक हसले. राक्षसाच्या तोंडी ते हंगेरियन वळणाचं इंग्रजी त्यांना विनोदी वाटलं. झालं, कात्री निघाली. राक्षसाचे सगळे संवाद गेले. आवाजाची पट्टी चित्रापासून वेगळी असायची, त्यामुळे ती गाळणं सोपं होतं. पण एक अडचण होती. आंधळेपणाचा उल्लेखही त्याच संवादांत होता! संवादांबरोबर तोही गेला. उरले काय? पुढे केलेले हात. आता आंधळी कोशिंबीर खेळणारा, पण डोळ्यांवर पट्टी नसलेला राक्षस पडद्यावर फिरतो, आणि प्रेक्षकाला कारण कोणीच सांगत नाही. कारण कापलं, चाल ठेवली. पुन्हा सांगतो: कारण कापलं, चाल ठेवली.

दोष आला लुगोसीवर. त्याला राक्षस जमला नाही, असंच म्हटलं गेलं. शिवाय अवघड हाणामारी स्टंटवाल्यांनी केली, त्यामुळे काही ठिकाणी चेहराही भलत्याचाच दिसतो.

राक्षस मुका झाल्यावर टॅल्बटची गोष्टही लंगडी पडली. त्याला मरायचंय, त्यासाठी त्याला फ्रँकेन्स्टाईनची टिपणवही हवी आहे. पण या दोघांचं आपसात काय ठरलं, तेच कापलेल्या भागात होतं. मधल्या रिकाम्या जागेत द्राक्षोत्सवाचं गाणं येतं. आपल्याकडे भयपटातल्या गाण्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघावं, आपली गाणी निदान चालीला बरी असतात!

गंमत म्हणजे बोरिस कार्लोफनं १९३१ साली उभा केलेला मूळ राक्षस असा सतत हात पसरून चालत नाही. आज कार्टूनमध्ये किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात राक्षस म्हटला की मुलं हात पुढे करतात, ती ढब मुख्यतः या फसलेल्या चित्रपटाची.

हा चित्रपट मिळाला तर दोन जागा बघा. एक, टॅल्बट आणि राक्षस एकत्र बसलेले असतात तिथे राक्षसाच्या ओठांवर लक्ष ठेवा. तोंड हलतं, आवाज नाही. दुसरी, शेवटाकडे टॅल्बटवर उपचार करणारा डॉक्टर मॅनरिंग यंत्राची वीज त्याच्यात सोडतो तेव्हा. राक्षस डोळे उघडतो आणि दुष्टपणे हसतो. ते हसू का, हे चित्रपट सांगत नाही. तुम्हाला आता माहीत आहे: त्याला दिसायला लागलंय.

नमस्कार.