मागे वळून पाहा

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला अमेरिकेतल्या युटा राज्यात घेऊन जाते. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी तिथल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचे तीन भाग केले आहेत. उद्यान 1964 सालचं, दगड मात्र कोट्यवधी वर्षांचा. पश्चिमेकडच्या भागाचं नाव मेझ, म्हणजे भूलभुलैया. पाण्यानं वालुकाश्मात कोरलेल्या घळी, घळींना फाटे, फाट्यांना पोटफाटे.

डांबरी सोडली की हान्स फ्लॅटच्या रेंजर चौकीपर्यंत 46 मैल कच्चा रस्ता. पुढे दणकट फोर-व्हील गाडीनं आणखी तीन तास तरी. मी आणि माझा भाचा, आम्ही परवाना काढून रात्री कड्यावरच, मेझ ओव्हरलूकला, तंबू ठोकला होता. उजाडताच उतरायला लागलो. माणशी चार लिटर पाणी. पाणी, श्रोतेहो, पाणी! बाकी काही राहिलं तरी चालेल.

उतरताना काही जागी बसून घसरत जावं लागतं. पाठपिशव्या आधी दोरानं खाली सोडायच्या, त्यासाठी 25 फुटी दोर हवाच. तळाशी मात्र कोरड्या ओढ्याच्या वाळूतूनच चालायचं. कडेची काळी, खरखरीत माती जिवंत असते. एक पाऊल पडलं की सावरायला तिला वर्षानुवर्षं लागतात.

भाच्यानं सकाळीच बजावलं होतं, "मावशी, प्रत्येक फाट्याशी मागे वळून बघ. परतताना घळ वेगळीच दिसते." दोन फाट्यांशी मी वळले. तिसऱ्याशी एक डोमकावळा अगदी जवळून गेला, त्याच्या पंखांची फडफड भिंतीवरून परत ऐकू आली, मी त्यातच रमले आणि तशीच पुढे गेले.

दुपारी 'हार्वेस्ट सीन'पाशी पोचलो. भिंतीवर रंगवलेल्या उंच, रुंद खांद्यांच्या आकृत्या. एकीच्या बोटांतून गवत उगवल्यासारखं दिसतं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उभं राहून रंग लावला, या विचारानं माझे डोळे भरून आले.

परतताना तिसरा फाटा आला. समोर दोन तोंडं, जुळ्या भावांसारखी. उजवीकडे पाच दगडांची सुबक लगोरी रचलेली. तिथे वाटेची खूण अशीच असते, म्हणून आम्ही निर्धास्त आत शिरलो. अर्ध्या तासानं समोर उभी भिंत! घळ बंद.

कुणीतरी गंमत म्हणून, नाहीतर फोटोसाठी ती लगोरी रचली होती. मला याची फार चीड आहे. नदीकाठी, डोंगरमाथ्यावर, कुठेही जा, लोक दगडावर दगड ठेवतात आणि निघून जातात. अहो, वाटेची खूण म्हणजे दिलेला शब्द असतो! तो खोटा कसा द्यायचा?

असो. पुन्हा फाट्याशी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. वाऱ्यानं आमचे पायठसे पुसले होते. घशाला कोरड पडली होती, पण मी बाटली उघडली नाही. भाचा गुडघ्यांवर बसला, गाल जवळजवळ वाळूला लावला आणि म्हणाला, "मावशी, तुझी काठी!"

सकाळी माझ्या काठीच्या टोकाचं रबर कुठेतरी गळून पडलं होतं. मी डावरी, काठी डाव्या हातात. डावीकडच्या तोंडाशी, ओढ्याच्या कडेनं वाळूत बारीक भोकांची रांग होती. भरदुपारी ती दिसलीच नसती. आता ऊन तिरपं झालं होतं आणि प्रत्येक भोकात सावलीचा एकेक थेंब साचला होता. पावलं पुसली गेली होती, भोकं राहिली होती. मान वर केली तर त्याच तोंडावर, कपारीत, एक वाकडं जुनिपरचं झाड. सकाळी एकदा, फक्त एकदा वळले असते, तर ते डोळ्यांत भरलं असतं.

म्हणून पुन्हा सांगते, प्रत्येक फाट्याशी मागे वळून पाहा. आणि आभाळाचा अंदाज घेतल्याशिवाय घळीत पाऊल टाकू नका. डोक्यावर ढग नाही, एवढ्यावर जाऊ नका. 1997 च्या ऑगस्टमध्ये अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण लोंढ्यात गेले. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता.

कड्यावर पोचलो तेव्हा अंधारलं होतं. भाच्यानं दोर ओढून पिशव्या वर घेतल्या. माझ्या बाटलीत चार घोट उरले होते. दोन त्याला दिले, दोन मी प्यायले, आणि खाली पाहिलं. घळी काळ्या झाल्या होत्या. आमचा फाटा कुठला, ते वरून ओळखू येत नव्हतं.